नादार ठरल्यानंतर माणसाचे काय होते

कर्ज थकलेला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा दोन प्रश्न असतात: मला तुरुंगात टाकतील का, आणि राहते घर जाईल का. या सगळ्यातून मी कधी तरी कायमचा मोकळा होईन का, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारते, कारण त्याचे उत्तर 'होय' असू शकते ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ ठरलेल्या माणसाचा, कायदा मात्र या तिसऱ्या प्रश्नासाठीच असतो. कंपन्यांच्या दिवाळखोरीविषयी वर्तमानपत्रांत रोज छापून येते, पण दुकानदार, नोकरदार, रिक्षाचालक किंवा एखाद्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला शिक्षक बुडाला तर त्याच्यासाठी कोणता कायदा आहे, याविषयी मराठीत फार थोडे लिहिले जाते. म्हणून हा विषय मी सविस्तर मांडत आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो, कारण भीती कमी झाल्याशिवाय पुढचे काही नीट ऐकले जात नाही. पैसे फेडता न येणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. दिवाणी न्यायालयाने पैशांचा हुकूमनामा, म्हणजे रक्कम देण्याचा निर्णय, दिल्यानंतर धनकोने (कर्ज देणाऱ्याने) त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली, तर ऋणकोला (कर्ज घेणाऱ्याला) दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे हे खरे. पण तिला मोठी कुंपणे आहेत. हुकूमनाम्याची रक्कम २,००० रुपयांपर्यंत असेल तर अटक होतच नाही, ५,००० रुपयांच्या वरच्या रकमेसाठीही स्थानबद्धता जास्तीत जास्त ३ महिन्यांची असते, आणि पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने हे स्पष्ट केले की, केवळ पैसे नाहीत म्हणून कोणालाही तुरुंगात टाकणे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे. ऋणकोजवळ फेडण्याची ऐपत असून तो लबाडीने टाळतो आहे, हे आधी दिसले पाहिजे. धनादेश न वटल्याचा खटला आणि फसवणुकीची फिर्याद या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांत शिक्षा होऊ शकते, परंतु वसुलीसाठी फोन करणारा माणूस 'उद्या पोलीस येतील' असे सांगतो तेव्हा तो बहुधा हा फरक जाणूनबुजून झाकत असतो. त्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे, तोही पुष्कळांना ठाऊक नसतो.

घराचे उत्तर इतके सरळ नाही. घर तारण ठेवलेले असेल तर बँक सरफेसी कायद्याखाली (दाव्याशिवाय तारणातून वसुली करू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस देऊन ते ताब्यात घेण्याची कारवाई सुरू करू शकते आणि नादारीचा अर्ज तिला अडवत नाही, कारण तारणधारक धनकोचा हक्क, ज्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे त्या दोन्ही जुन्या नादारी कायद्यांनी शाबूत ठेवला आहे. तारण नसलेल्या मालमत्तेवर जप्ती येते, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात जप्तीच्या बाहेर ठेवलेल्या वस्तूंची लांब यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, बैल, बियाणे आणि त्याचे राहते घर, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, आयुर्विम्याची रक्कम. पगारापैकी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी पगारावर एकंदर २४ महिने जप्ती राहिली की त्या हुकूमनाम्यापुरती ती कायमची उठते. संसार आणि रोजगाराची साधने वाचवण्याचा विचार कायद्यात जुनाच आहे. मात्र देणे पुसण्याचा विचार या संहितेत नाही. आज जप्ती टळली तरी कर्ज तसेच राहते, व्याज चढत राहते आणि धनको उद्या दुसऱ्या वाटेने येतो. इथून पुढे नादारीच्या कायद्याचे काम सुरू होते.

आजच्या घडीला सामान्य माणसाला लागू असलेले दोन कायदे आहेत. मुंबई शहरात, म्हणजे उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात, १९०९ चा इलाखा शहरे नादारी कायदा चालतो. पुणे, नागपूर, कोल्हापूर, लातूर अशा बाकीच्या ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करावा लागतो. १९२० च्या कायद्याखाली ज्याची देणी ५०० रुपये किंवा त्याहून जास्त आहेत, किंवा जो हुकूमनाम्यासाठी अटकेत आहे, किंवा ज्याच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश झालेला आहे, असा कर्ज फेडण्यास असमर्थ माणूस स्वतः अर्ज करू शकतो. धनकोलाही अर्ज करता येतो, पण त्याला ऋणकोचे एखादे 'नादारीचे कृत्य' दाखवावे लागते. धनको चुकवण्यासाठी गाव सोडणे, मालमत्ता इकडची तिकडे करणे, देणी थांबवल्याचे कळवणे अशी ती कृत्ये असून, ती अर्जाच्या आधीच्या ३ महिन्यांतली असावी लागतात. ५०० रुपयांची ही मर्यादा शंभर वर्षांपूर्वी मोठी होती. आज ती वाचली की कायद्याकडे किती काळ कोणी वळून पाहिलेले नाही हे कळते.

अर्जासोबत ऋणकोला सगळे उघड करावे लागते: कोणाचे किती देणे आहे, कोणाकडून किती येणे आहे, घरात आणि बँकेत काय आहे, हिशेबाच्या वह्या कुठे आहेत. लपवाछपवी झाल्यास १ वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. न्यायालयाची खात्री पटली की ते त्याला नादार जाहीर करते, आणि त्या क्षणापासून, जप्तीतून सूट असलेल्या वस्तू वगळता, त्याची सगळी मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसिव्हरकडे, म्हणजे मालमत्ता सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे, जाते. मुंबईत हे काम ऑफिशियल असायनी हा अधिकारी पाहतो. धनकोंना यापुढे न्यायालयाच्या परवानगीशिवाय स्वतंत्र दावा लावता येत नाही. प्रत्येकाने आपली रक्कम नादारीच्या न्यायालयात शाबीत करायची, रिसिव्हरने मालमत्ता विकून पैसे जमवायचे, आणि सरकारी देणी व नोकरांची ठरावीक मजुरी आधी भागवून बाकीचे सर्वांना प्रमाणात वाटायचे, असा हा क्रम आहे. जो धनको सगळ्यांत जोरात ओरडतो किंवा दारात माणसे बसवतो त्यालाच पैसे मिळावेत, ही स्थिती यामुळे संपते, आणि माझ्या मते या कायद्याचा धनकोंनाही होणारा हा सर्वांत मोठा लाभ आहे.

दोन बाबी इथे नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली अशी की, नादार जाहीर झाल्याने अटकेपासूनचे संरक्षण आपोआप मिळत नाही; १९२० च्या कायद्याच्या ३१ व्या कलमाखाली त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो करायचा राहून गेल्यामुळे घाबरलेली माणसे पुन्हा त्याच भीतीत राहतात. दुसरी अशी की, नादार ठरल्यापासून ऋणमुक्तीचा, म्हणजे उरलेल्या देण्यांतून मोकळे करण्याचा, आदेश मिळेपर्यंत जे काही नव्याने हाती येईल, मग तो वडिलांच्या मागे आलेला वाटा असो वा बक्षीस असो, तेही रिसिव्हरकडे जाते.

संकट दिसू लागले की माणसे सर्वांत आधी जे करतात ते नेमके कायद्याला खपत नाही. घर पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून देणे, जमीन भावाच्या नावावर चढवणे, मेहुण्याचे हातउसने पैसे आधी फेडून टाकणे, यांत लबाडीपेक्षा घाबरगुंडी आणि नात्यांचा दबाव जास्त असतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पण मोबदला न घेता केलेल्या हस्तांतरानंतर २ वर्षांच्या आत नादारीचा अर्ज दाखल झाला, तर रिसिव्हरला ते हस्तांतर रद्द करून घेता येते, आणि एका धनकोला झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली फेड अर्जाच्या आधीच्या ३ महिन्यांतली असेल तर तीही टिकत नाही. शिवाय अशा व्यवहारांमुळे पुढे ऋणमुक्ती मागताना न्यायालयाचे मत कलुषित होते, तो तोटा मालमत्ता हातची जाण्यापेक्षा मोठा असतो. ज्याला या कायद्याचा आधार घ्यायचा आहे त्याने घरातली कोणतीही वस्तू हलवण्यापूर्वी सल्ला घ्यावा, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेक जण वस्तू हलवून झाल्यावर येतात.

आता तो तिसरा प्रश्न. नादार जाहीर करताना न्यायालय एक मुदत ठरवून देते, आणि त्या मुदतीत नादाराने स्वतः ऋणमुक्तीसाठी अर्ज करायचा असतो. न्यायालय पूर्ण मुक्तता देऊ शकते, काही काळ लांबवू शकते, पुढच्या कमाईतला काही भाग भरण्याची अट घालू शकते किंवा नकारही देऊ शकते. मालमत्ता तारण नसलेल्या एकूण देण्याच्या निम्मीही नसेल आणि तसे होण्यात नादाराचा दोष असेल, हिशेबाच्या वह्या ठेवलेल्या नसतील, बुडालो हे कळल्यावरही उधारीवर धंदा चालू ठेवला असेल, सट्टा किंवा जुगार केला असेल, तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. ही चाळणी मला रास्त वाटते. रास्त वाटत नाही ते त्या मुदतीचे परिणाम. नादाराने वेळेत अर्ज केला नाही तर त्याची नादारीच रद्द होऊ शकते, आणि मग मालमत्ता विकली गेलेली, प्रतिष्ठा गेलेली, पण उरलेले कर्ज आणि धनकोंचे सर्व हक्क पुन्हा जिवंत, अशी अवस्था होते. ज्या माणसाचे मन वर्षानुवर्षांच्या तगाद्याने खचले आहे, ज्याच्याकडे वकिलाची फी द्यायला पैसे उरलेले नाहीत, त्याच्यावरच कायद्याने ही तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे.

मुक्तता मिळाली तरी काही देणी सुटत नाहीत: सरकारचे देणे, फसवणुकीतून उद्भवलेले देणे आणि पोटगीच्या आदेशाखालची रक्कम. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जामीनदार सुटत नाही. मुख्य कर्जदाराला न्यायालयाने मोकळे केले तरी पतसंस्था किंवा बँक जामीनदाराकडून पूर्ण रक्कम मागू शकते. सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुली दाखला मिळाला की जामीनदाराच्या पगारावर आणि जमिनीवर कारवाई येते. मैत्रीखातर केलेल्या एका सहीने दोन घरे अडचणीत आलेली आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील.

मुक्तता मिळेपर्यंत नादाराची नागरी पतही कमी होते. राज्यघटनेच्या १०२ व १९१ या अनुच्छेदांनुसार त्याला संसद किंवा विधिमंडळाचे सदस्य राहता येत नाही; इतर कायद्यांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेत निवडून येता येत नाही, कंपनीचा संचालक होता येत नाही. भागीदारी पेढीत असेल तर नादार जाहीर झाल्याच्या दिवसापासून तो भागीदार राहत नाही. आपण नादार आहोत हे न सांगता त्याने ५० रुपयांची उधारी घेतली तरी १९२० च्या कायद्याखाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम शब्दशः लावले तर महिन्याचा किराणा उधार आणणाराही गुन्हेगार ठरेल. शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांतही कर्जबाजारीपणाची नोंद घेतली जाते. पतमाहिती कंपन्यांकडे थकबाकीची माहिती किमान ७ वर्षे राहते, त्यामुळे कायद्याने मोकळे झाल्यावरही घर भाड्याने घेण्यापासून ते नव्या धंद्याला भांडवल उभे करण्यापर्यंत अडचणी चालूच राहतात.

कर्जबाजारी माणसाला कायद्याने मोकळे करावे ही कल्पना आपल्या मातीत नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जाची खतपत्रे जाळली आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. त्यानंतरच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे या कायद्याने बंद केले, खतावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला, आणि ५० रुपये किंवा त्याहून अधिक देणे असलेल्या शेतकऱ्याला जवळच्या दुय्यम न्यायाधीशाकडे नादारीचा अर्ज करण्याची सोय केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा नियमही मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंना लागू होताच. या कायद्याने सावकारी संपली नाही, पण न्यायाधीश शेतकऱ्याच्या जवळ असावा आणि त्याने कर्जाच्या मुळाशी जावे हे त्यातले सूत्र मला आजही मोलाचे वाटते.

अलीकडे आपण त्या सूत्राऐवजी कर्जमाफीवर विसंबलो आहोत. २०१७ च्या योजनेत दीड लाखांपर्यंत आणि २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला माफी मिळाली, आणि अनेक घरांना तिचा खरा आधार झाला. तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण कर्जमाफी सरकार ठरवते तेव्हा, ठरवते त्यांना आणि ठरवते त्या तारखेपर्यंतच्या बँककर्जालाच मिळते. खासगी सावकार, सूक्ष्म वित्त कंपनी, कृषी सेवा केंद्राची उधारी, मुलीच्या लग्नासाठी नातेवाइकाकडून घेतलेली रक्कम, यांतले काहीच तिच्यात येत नाही. नादारीत सगळी देणी एकाच न्यायालयापुढे एकत्र येतात आणि तो अर्ज करणे हा त्या व्यक्तीचा हक्क असतो, त्यासाठी निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही.

हे सगळे आधुनिक रीतीने मांडणारा कायदा संसदेने २०१६ मध्ये केला आहे. नादारी व दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठी आहे आणि तो वाचताना जुन्या कायद्यांतल्या बहुतेक जखमा ओळखून त्यांवर उपाय केल्याचे जाणवते. कर्जाच्या फेररचनेसाठी अर्ज दाखल होताच तात्पुरती स्थगिती लागू होते, तिच्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. अर्ज दाखल करून घेतला गेला की १८० दिवस धनकोंची कारवाई थांबते आणि त्या काळात ऋणको या कामासाठी नेमलेल्या नादारी व्यावसायिकाच्या मदतीने परतफेडीचा आराखडा मांडतो. मतदान करणाऱ्या धनकोंपैकी रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांशांहून अधिकांनी तो मान्य केला की सर्वांना बांधील होतो. आराखडा फसला आणि दिवाळखोरीचा आदेश झाला, तर १ वर्ष पूर्ण झाल्यावर मुक्ततेचा अर्ज करण्याची जबाबदारी दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्तावर आहे. ऋणकोने तारीख विसरल्यामुळे सगळे पुन्हा शून्यावर येण्याचा धोका इथे उरत नाही. शंभर वर्षांत झालेली ही सर्वांत मानवी सुधारणा आहे असे मी म्हणेन.

पण हा भाग सामान्य माणसाला आजही लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून त्यातल्या तरतुदी केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या अमलात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ललितकुमार जैन यांच्या प्रकरणात ही निवड वैध ठरवली आणि ९ नोव्हेंबर २०२३ रोजी दिलीप जिवराजका यांच्या प्रकरणात त्यातली कार्यपद्धतीही कायम केली. बड्या हमीदारांकडून वसुली व्हावी म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करणे मला समजू शकते. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे की कंपनीच्या कोट्यवधींच्या कर्जाला हमी देणाऱ्या प्रवर्तकासाठी स्थगिती, आराखडा आणि ठरावीक काळात मुक्तता देणारा कायदा आहे, आणि पतसंस्थेच्या ३ लाखांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या शिक्षकासाठी १९२० चा. हा भेद इतकी वर्षे चालू ठेवणे अन्यायाचे आहे.

तिसरा भाग उद्या सर्वांना लागू केला तरी त्यातले आकडे आधी बदलावे लागतील. अगदी गरीब ऋणकोला आराखड्याशिवाय थेट मोकळे करणारी 'नवी सुरुवात' ही प्रक्रिया त्यात आहे, पण तिच्यासाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत आणि कर्ज ३५,००० रुपयांपर्यंतच असले पाहिजे, आणि स्वतःचे घर मुळीच नसले पाहिजे. गावातल्या पडक्या वडिलोपार्जित घराचा मालकही त्यामुळे बाहेर राहील. शैक्षणिक कर्ज तर या भागातल्या मुक्ततेतून सरळ वगळले आहे, म्हणजे पदवी घेऊनही नोकरी न मिळालेल्या तरुणाला त्या कर्जापुरता कोणताच दरवाजा नाही. शिवाय हे अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाणार आहेत. ती न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांत आहेत आणि बँकांच्या वसुलीच्या कामाखाली आधीच दबलेली आहेत. वर्षाला ६०,००० रुपये कमावणाऱ्या धडगाव किंवा भामरागडच्या माणसाने तिथवर जावे अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. हे अर्ज जिल्हा न्यायालयातच राहावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत जे हाती आहे ते वापरावे लागते. बँकेशी तडजोड झाली तर नव्या कर्जासाठी किमान १२ महिने थांबावे लागते, असे रिझर्व्ह बँकेचे २०२३ चे धोरण सांगते, आणि पतनोंदीत 'सेटल्ड' असा शेरा येतो. तरीही एकच मोठा धनको असेल तर नादारीपेक्षा हा मार्ग बहुधा बरा. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते. धनको अनेक असतील, तारण काही नसेल आणि फेडणे खरोखर अशक्य असेल, तर १९२० च्या कायद्याखालचा अर्ज जुना असला तरी खरा उपाय आहे. त्यासाठी वकील परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. अर्ज करताना संरक्षणाच्या आदेशाची मागणी त्याच दिवशी जोडायला सांगावी, आणि नादार जाहीर झाल्याच्या आदेशाची नक्कल घेऊन त्यातली ऋणमुक्तीच्या अर्जाची मुदत वकिलाकडून स्वच्छ अक्षरांत लिहून घ्यावी.